ग्रहणाचं खापर आईवर नको

माझ्या मुलीची दोन्ही पावलं जन्मतःच आत वळलेली होती. बघायला आलेल्या बायकांनी दुपटं बाजूला केलं आणि मलाच विचारलं, 'ग्रहणात भाजी चिरलीस का गं?' ओली बाळंतीण मी, रात्रभर रडले. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही! हजारात साधारण एका बाळाला क्लबफूट, म्हणजे असं आत वळलेलं पाऊल, असतं आणि वेळेत उपचार झाले तर मूल चालतं, पळतं. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. आमची सहा झाली. ते दिवस भांडुपहून परळला लोकलने, बाळ छातीशी धरून. अंघोळ नाहीच, ओल्या फडक्याने पुसायचं. मग टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) कापण्याची छोटी शस्त्रक्रिया.

खरी कसोटी पुढे, दांडीला जोडलेल्या बुटांची. तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर चार-पाच वर्षांची होईपर्यंत झोपेत. रडते म्हणून बूट काढले, तर पाऊल पुन्हा वळू शकतं. हे सगळं मला कळायला तीन आठवडे गेले. प्रसूतिगृहांनी घरी सोडतानाच आईबापांना नीट समजावून सांगावं, ही कळकळीची विनंती.

– एक आई, भांडुप