‘छळछावणी’ हा शब्द अपुरा पडतो

महोदय,

२७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य नाझी जर्मनीच्या आउशवित्झ छावणीत पोहोचले, त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपल्या दैनिकात आलेल्या लेखात डाखाऊ, ट्रेब्लिंका आणि बेल्झेक या तिन्ही नाझी छावण्यांना सरसकट ‘छळछावणी’ म्हटले आहे. शब्द रुळलेला आहे; इतिहास शिकवताना मीही वर्षानुवर्षे तोच वापरला.

डाखाऊला तो लागू पडतो, कारण १९३३ पासून तिथे माणसांना डांबून, राबवून, उपाशी ठेवून मारले जात होते. बेल्झेकला मात्र प्रेते पुरण्यासाठी आणि कपडे निवडण्यासाठी ठेवलेले मोजके ज्यू सोडले, तर गाडीतून उतरलेला माणूस दोन-तीन तासांत विषारी वायूने मारला जाई. ११ जानेवारी १९४३ च्या एका जर्मन तारेत, जी ब्रिटिशांनी तेव्हाच टिपली होती पण जिचे महत्त्व सन २००० मध्ये लक्षात आले, बेल्झेकला १९४२ अखेरपर्यंत आणलेल्यांचा आकडा ४,३४,५०८ असा अगदी एकेक माणूस मोजून दिला आहे.

रेल्वेचा हिशेबही तितकाच चोख होता. या गाड्यांसाठी जर्मन रेल्वे तिसऱ्या वर्गाचे एकेरी भाडे लावी. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुले फुकट, आणि चारशेहून अधिक माणसे असल्यास गटसवलत. परतीचे भाडे फक्त पहारेकऱ्यांचे. (‘अर्धे तिकीट’ हे शब्द मी वर्गात उच्चारले की मुले चुळबुळ थांबवत.)

खुद्द आउशवित्झमध्येही सुमारे १३ लाख लोक आणले गेले, त्यांपैकी कैदी म्हणून नोंद झाली ती जेमतेम चार लाखांची. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि मुले यांतील बहुतेकांना कैदी क्रमांक मिळालाच नाही, त्यांना उतरल्या जागेवरूनच गॅसच्या कोठड्यांकडे नेले. छळाच्या ज्या आठवणी आपण वाचतो, त्या मुख्यतः क्रमांक मिळालेल्यांच्या आहेत.

म्हणून बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका आणि खेल्म्नो यांच्यासाठी आपण ‘संहारकेंद्र’ असा वेगळा शब्द वापरावा, अशी विनंती आहे. बेल्झेकच्या आठवणींची पुस्तके का सापडत नाहीत, असे एका विद्यार्थिनीने मला विचारले होते. तिथून वाचून युद्धानंतर साक्ष द्यायला केवळ दोघे पुढे आले. त्यांतल्या एकाने मार्च १९४६ मध्ये लुब्लिन येथे जबानी द्यायला सुरुवात केली आणि ती पुरी होण्याआधी, त्याच दिवशी त्याचा खून झाला.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा