पडवी आठ फुटांची ठेवलीत, मेस्त्री!

आदरणीय मेस्त्री,

स. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही "ता ऱ्हवांदे" म्हणून चहा मागवता. म्हणून हे पत्र चार लोकांदेखत.

सिंधुदुर्गातल्या धामापूरच्या तळ्याजवळ घर बांधायचं ठरलं, तेव्हा माझ्या नकाशात पश्चिमेची सबंध भिंत काचेची होती. खाटेवर पडल्या पडल्या तळं दिसावं, हा माझा हट्ट. नकाशा पाहून तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तीनला, एप्रिलच्या उन्हात, मला जागेवर पश्चिमेकडे तोंड करून उभं केलंत. दहा मिनिटांनी म्हणालात, "ह्याच ऊन काचेतसून घरात येतला. मगे एसी कितके लावतलास? तळा बघूचा तर पडवेत बस."

काच गेली, आठ फूट रुंद पडवी आली. भिंती जांभ्याच्या. खाणीतून ओला निघालेला चिरा हवेत कडक होतो, म्हणून त्याला आधी नीट सुकू दिलात. माझी घाई चालू दिली नाहीत. वर मंगलोरी कौलं, त्यांखाली सिलिंगच्या कौलांचा दुसरा थर. मधली तापलेली हवा आढ्याजवळून निघून जाते. माजघरात दोन काचेची कौलं बसवलीत, तिथे दिवसा दिवा लागत नाही.

आणि घर तळ्यापासून वर, मागे सरकवायला लावलंत. मला राग आला होता, हे आज कबूल करतो. १५३० साली बांधलेलं, इतक्या पिढ्यांनी राखलेलं ते पाणी. आपलं सांडपाणी तिकडे उतरता नये, हे तुम्हाला मुद्दाम सांगावं लागलं नाही, मला सांगावं लागलं. आता ते केळींना जातं.

घरात एसी नाही. कमी विजेचे पंखे आणि २ किलोवॉटचे सोलर पॅनल आम्हाला पुरतात. गेल्या मे महिन्यात एकदा दुपारभर लाईट नव्हती. मुंबईच्या घरी उकाड्याने तळमळणारे माझे बाबा त्या दुपारी माजघरात चटईवर शांत झोपले होते. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मला तुमची आठवण येत होती.

मृगाआधी पडवीला झड, म्हणजे पाऊस अडवणारा झावळ्यांचा आडोसा, बांधायला येतो म्हणालात. त्यासाठी माडाची चुडतं विणून ठेवली आहेत. या खेपेला काकींनाही आणा. त्यांनी तुमची ही पडवी अजून पाहिलेली नाही.

तुमचा,
तळ्याकाठचा घरमालक