पाळीव इग्वानाच्या पिंजऱ्याचे माप आणि साहित्य परस्पर बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पिंजरा कोटेशनप्रमाणे करून देणे, अन्यथा पूर्ण रक्कम परत करणे

महोदय,

मार्चमध्ये मी आपल्याकडे माझ्या पाळीव इग्वानासाठी (सरड्याच्या जातीचा मोठा परदेशी प्राणी) मापाप्रमाणे पिंजऱ्याची ऑर्डर दिली. एप्रिलमध्ये माल आला. ६८,००० रुपयांपैकी निम्मे आगाऊ दिले होते. उरलेले आपल्या माणसांनी पॅकिंग सोडायच्या आधीच मागून घेतले. त्याच आठवड्यात मी फोटोंसह तक्रार केली. तेव्हापासून चॅटवर रोज नवा माणूस येतो आणि ‘आपली समस्या काय आहे’ इथपासून सुरुवात करतो. म्हणून आता सगळे एकदाच लेखी देते.

आधी छताचे बघू. आपणच पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये छताला मोठ्या भोकांची जाळी आणि तिच्यावर यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी, ट्यूब आहे. प्रत्यक्षात छत अख्खे काचेचे आले आणि ट्यूब त्या काचेच्या वर बसवली. विचारल्यावर सुपरवायझर म्हणाले, “मॅडम, काचेतून उजेड येतोच की.” उजेड येतो, यूव्हीबी येत नाही. इग्वानाला लागणारे २९० ते ३२० नॅनोमीटरचे किरण काच जवळजवळ सगळे अडवते. हा प्राणी निव्वळ पाला, फुले, फळभाज्या खाणारा. त्याचे ड जीवनसत्त्व कातडीवर हे किरण पडले की तयार होते, आणि ते नसेल तर पोटात गेलेले कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शेवग्याचा पाला कितीही खाऊ घाला. जबडा सुजतो, पाय वाकतात, हाडे नुसत्या उडीनेही मोडतात. थोडक्यात, ज्या एका कारणासाठी ट्यूबचे वेगळे पैसे लावलेत, ते कारणच आपण काचेने झाकून टाकले. जाळी का नाही, याचे उत्तर मिळाले ते असे : काच गोडाउनमध्ये तयार होती.

मापाचेही तसेच. रुंदी ६ फूट, उंची ६ फूट, खोली ३ फूट असे ठरले होते. खोली आली २ फूट. याचे कारण कोणी सांगत नाही, पण ते न कळण्याइतके अवघड नाही. ८ बाय ४ च्या शीटमधून दोन फुटी पट्ट्या दोन निघतात, तीन फुटी एकच. वाचलेल्या शीटचे पैसे मात्र बिलात जसेच्या तसे आहेत. आमचा बंडू नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास पाच फूट आहे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त शेपूटच. दोन फुटांत त्याला धड वळता येत नाही. वळताना शेपूट मागच्या फळीवर घासून टोकाजवळची कातडी सोलवटली आहे. पशुवैद्यांनी लिहून दिलेला कागद सोबत जोडला आहे.

त्या शीटबद्दल बोलायचे तर कोटेशनमध्ये ‘मरीन प्लाय, आयएस ७१०’, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचे भारतीय मानक, असे स्वच्छ लिहिलेले आहे. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांतला. त्याच्यासाठी आत साठ-सत्तर टक्के आर्द्रता ठेवावी लागते. पुण्याच्या एप्रिल-मेच्या हवेत ती आपोआप राहत नाही, पाण्याचा फवारा सतत मारावा लागतो. हे मी ऑर्डर देतानाच सांगितले होते आणि ते आपल्या ईमेलमध्ये नोंदलेलेही आहे. तरी तळाची फळी भिजवलेल्या टोस्टासारखी फुगली. कोपऱ्यातला सनमायका उचकटला तेव्हा बोटाला तपकिरी भुसा लागला. म्हणजे प्लाय नाहीच, एमडीएफ आहे, लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड. फळी फुगल्याने खालचा चॅनेल उचलला गेला आणि सरकते दार अर्ध्यावर अडकते.

आता जे सांगते ते कृपया आपल्या इलेक्ट्रिशियनला वाचून दाखवा. १५० वॅटचा सिरॅमिक हीटर प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये बसवला आहे. तिथे चिनीमातीचाच होल्डर लागतो. चाचणीसाठी तासभर चालू ठेवला तर होल्डर मऊ पडून हीटर एका बाजूला कलला आणि खोलीभर जळका वास सुटला. हीटरभोवती जाळीचे संरक्षण नाही. इग्वाना झाडावर राहणारा, सगळ्यांत उंच आणि ऊबदार जागा शोधून तिथे पसरणारा प्राणी. तो त्या हीटरला टेकणार नाही तर काय करणार? थर्मोस्टॅट बिलात आहे, पिंजऱ्यात नाही. अर्थिंगची वायर नुसती गुंडाळून ठेवली आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा हीच वस्तू घरातली माणसे झोपलेली असताना रात्रभर चालणार होती.

पुढच्या टफन्ड काचेबद्दल माझी तक्रार नाही, ती उत्तम आहे. इग्वाना नाकातून मीठ शिंकरतो, त्याचे पांढरे ठिपकेसुद्धा ओल्या फडक्याने निघतात. फिटिंगला आलेली मुलेही नीट वागली. हातात दिलेले कटिंग त्यांनी जोडले, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला किरकोळ वाटेल, मला नाही. बिलावर आपण ‘घोरपड पिंजरा’ असे छापले आहे. घोरपड वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे आणि ती घरात ठेवणे गुन्हा आहे. माझ्याकडे आहे तो परदेशी इग्वाना, आणि त्याची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर केलेली आहे. उद्या वनखात्याच्या माणसाने हे बिल पाहिले तर खुलासे मी करत बसायचे का? बिल तातडीने दुरुस्त करून द्यावे.

‘कस्टम मालावर परतावा नाही’ हे आपले ठरलेले उत्तर मला मान्य नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. शिवाय मी मागवले ते आलेच नाही, मग कस्टम कशाला म्हणायचे?

माझी मागणी अशी : हा सांगाडा आपल्या खर्चाने उचलून न्यावा आणि ड्रॉइंगप्रमाणे नवीन करून द्यावा. त्यात तीन फूट खोली, मरीन प्लाय, जाळीचे छत, चिनीमातीचे होल्डर, हीटरला जाळी, थर्मोस्टॅट आणि अर्थिंग हे सगळे असावे. प्लाय कापण्याआधी शीटवरचा आयएसआय शिक्का दिसेल असा फोटो पाठवावा. हे जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. जागेवर ठिगळ लावून चालणार नाही. दोन फुटांचे तीन फूट करता येत नाहीत.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करेन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. कोटेशन, ड्रॉइंग, बिल, ईमेल आणि वितळलेल्या होल्डरचे फोटो मी एकत्र लावून ठेवले आहेत. होल्डरही जपून ठेवला आहे.

माल न्यायला येताना आदल्या दिवशी फोन करावा. बंडूचा मुक्काम सध्या आमच्या कॉमन बाथरूममध्ये आहे, त्यामुळे घरच्यांच्या आंघोळी उरकल्यावर म्हणजे अकरानंतर आलेले बरे.

कळावे,

आपली ग्राहक,
कोथरूड, पुणे