फील्डवर्कचं एसटी भाडं कोणी द्यायचं?

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, मुलं आठवड्यातले दोन दिवस वर्गात नसतात, फील्डवर्कला असतात. कोणी बालकल्याण समितीसमोर आलेल्या मुलाची गृहभेट करतं, कोणी सिव्हिल हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षकांच्या हाताखाली असतं, कोणी ऊसतोड कामगारांच्या फडावर. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला हे शिक्षण देशात पहिल्यांदा सुरू झालं, तेही वस्तीच्या दारातच. त्यामुळे फील्डवर्क कमी करा, असं मी म्हणणार नाही. त्याचं भाडं कोण देतं, एवढंच विचारायचं आहे.

विद्यार्थीच देतात. यातली कितीतरी मुलं आपल्याच खात्याच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर शिकतात. अनुसूचित जातींसाठीच्या या योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. भत्ता सर्वांत वरच्या गटात, वसतिगृहात राहणाऱ्याला, वर्षाला १३,५०० रुपये. म्हणजे महिन्याला सव्वाअकराशे. मेस, पुस्तकं, प्रवास, सगळं त्यातच. शिवाय फील्डवर्क सुरू होतं पहिल्या सत्रात आणि पैसे येतात कधीतरी नंतर. तहसीलमध्ये एखाद्या आजीचा संजय गांधी निराधारचा अर्ज भरून देणाऱ्या मुलीचा स्वतःचा अर्ज शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर 'अंडर स्क्रुटिनी', म्हणजे छाननीत अडकलेला, असतो. आम्ही सुपरवायझर आयसीत, म्हणजे फील्डवर्कवरच्या वैयक्तिक चर्चेत, तिला विचारतो, गेल्या आठवड्यात एकच दिवस का गेलीस? उत्तर आम्हालाही माहीत असतं.

२०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी तुळजापूरसह तिच्या चारही कॅम्पसमध्ये संप केला, तो शिष्यवृत्तीधारकांच्या वसतिगृह आणि मेसच्या खर्चावरूनच. संस्था एवढी नावाजलेली, म्हणून बातमी तरी झाली. जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयात मुलगी संप करत नाही, फील्डवर्क बुडवते आणि मग वर्षही.

गृहभेटी, सर्वेक्षणं, अहवाल ही मुलांची कामं बहुतेकदा सरकारी यंत्रणेच्याच उपयोगी पडतात. त्या कामासाठीचं भाडं तरी सरकारने द्यावं. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता फील्डवर्क सुरू होण्याआधी मिळावा आणि प्रवासासाठी वेगळी रक्कम धरावी. एसटीचा सवलतीचा पास घर ते महाविद्यालय एवढाच चालतो. तो महाविद्यालयाच्या पत्रावर फील्डवर्कच्या गावापर्यंतही चालावा. पास परिवहन खात्याचा, हे ठाऊक आहे. पण आपल्या खात्याचं एक पत्र तिकडे गेलं तर येत्या जूनपासून हे होऊ शकतं.

कळावे,
एक फील्डवर्क सुपरवायझर