मदतीचा ट्रक गेल्यावर काय उरतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिशनच्या दवाखान्यांवरून आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात जी जुंपली आहे ती गेले काही दिवस वाचतो आहे. एक गट म्हणतो, औषधाच्या पुडीत धर्म बांधून देतात. दुसरा गट मदर तेरेसांचं नाव घेऊन गहिवरतो. दोन्हीकडच्या पत्रांत आपल्याच राज्यातल्या जामखेडचा, तिथल्या आरोळे डॉक्टर नवरा-बायकोच्या आरोग्य प्रकल्पाचा, उल्लेख एकदाही आला नाही, म्हणून हे पत्र.

मी याच भागातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. ख्रिस्ती नाही. हल्ली हे आधी सांगून टाकलेलं बरं असतं.

डॉ. रजनीकांत आरोळे मूळ राहुरीचे, शिक्षक आईवडिलांचा मुलगा. ते आणि डॉ. मेबल दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, दोघंही वरच्या नंबरात पास झालेले. १९६० साली लग्न केलं तेव्हाच आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं हे ठरलेलं. पुढे नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काढली. सध्याच्या वादात हाच भाग कुणी सांगत नाही. वडाळ्याला खाटा भरलेल्या असत, ऑपरेशनं होत, मिशनचं नाव होत होतं. पण बरा होऊन घरी गेलेला पेशंट तेच दुखणं घेऊन परत येई, आणि आसपासच्या गावांत जुलाबानं, धनुर्वातानं मुलं दगावायची ती दगावतच राहिली. निम्म्याहून अधिक दुखणी मुळात व्हायलाच नकोत अशी, हे या दोघांना तिथं कळून चुकलं. म्हणजे मिशनरी सेवेच्या नेहमीच्या पद्धतीवरचं सगळ्यात कडक बोट एका ख्रिस्ती जोडप्यानं, आतूनच, ठेवलं होतं. बाहेरच्या टीकाकारांना इतकं नेमकं बोट ठेवता आलेलं मी तरी वाचलेलं नाही.

मग दोघं अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला आले. तेव्हाचं जामखेड म्हणजे बीडच्या हद्दीला टेकलेला कोरडाठाक तालुका. गावानं जागा दिली ती गुरांच्या जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्याची. तिथंच काम सुरू झालं. सुरुवातीला परदेशातल्या चर्चच्या संस्थांचा पैसा आला, हे खरं आहे आणि ते कुणी लपवलेलंही नाही.

पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या पिढीला त्या दुष्काळाचं वेगळं सांगायला नको. खडी फोडायची कामं, मदतीत मिळणारी सुकडी, आणि परदेशातून आलेल्या त्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, जी घशाखाली उतरत नसे पण उतरवावी लागे. आरोळ्यांनीही गावोगावी मुलांसाठी अन्न शिजवण्याची सोय केली, पाण्यासाठी बोअर घेतले. इथवर कुठल्याही मदत करणाऱ्या संस्थेसारखंच. पण बोअर कुठं घ्यायचा, यात त्यांचं वेगळेपण दिसलं. गावच्या वजनदार मंडळींना अर्थातच तो आपल्या आळीत हवा होता. आरोळ्यांनी जागा पाहणाऱ्या जाणकाराशी आधीच बोलून ठेवलं, आणि पाणी नेमकं दलित वस्तीत 'लागलं'! झालं, हापसा तिथं बसला. ज्या विहिरीवर त्या वस्तीतल्या बायकांना पोहरा टाकू देत नव्हते, त्या विहिरीचे मालक आता हंडा घेऊन त्यांच्या दारात रांगेला उभे. शिवाशिवीवर व्याख्यान देऊन हे झालं नसतं. याला कुणी लबाडी म्हणेल. म्हणो बापडा. असली लबाडी आणखी चार ठिकाणी झाली असती तर बरं झालं असतं.

दुष्काळ संपला की मदत करणारे सहसा बिऱ्हाड आवरतात. इथं खरं काम त्यानंतर वाढलं. आधी गावांत प्रशिक्षित नर्स ठेवून पाहिल्या. त्या बाहेरच्या, गावाला परक्या, टिकल्या नाहीत. मग गावातलीच एक बाई निवडायची असं ठरलं. बहुतेक जणी निरक्षर, पुष्कळ जणी दलित, कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. या बायका जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकत. जातीबाहेरच्या बाईच्या ताटाशेजारी ताट, हे काहींना पहिल्यांदा फार जड गेलं. शिकायचं काय? बाळाला जुलाब लागले की पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं. बाळंतपणाला हात साबणानं धुवायचे, नाळ विळ्यानं कापायची नाही, नवं ब्लेड आणि उकळलेला दोरा वापरायचा. गरोदर बाईनं जास्त खाल्लं तर पोटातलं पोर अडेल, ही सासूची समजूत भांडण न करता कशी काढायची, हेही शिकायचं. हे शेवटचं काम एमबीबीएस डॉक्टरच्या बापाला जमणार नाही, सुनेचं घर ओळखणाऱ्या बाईलाच जमतं. कुष्ठरोग्यांना वेगळं न काढता बाकीच्या रोग्यांबरोबर तपासायचं, हा शिरस्ताही जामखेडनं पाडला. सोबतीला शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली.

परिणाम आकड्यांत हवा असेल त्यांच्यासाठी: प्रकल्पाच्या गावांत बालमृत्यूचं प्रमाण सुरुवातीला दर हजार जन्मांमागे १७६ होतं, ते नव्वदच्या दशकात विशी-पंचविशीत आलं. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या आल्मा-आटा शहरात प्राथमिक आरोग्याचा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा झाला, त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेनं ज्या मोजक्या प्रयोगांची दखल घेतली होती त्यांत जामखेड होतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पारितोषिक मिळालं. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. काम पुढची पिढी चालवते आहे.

आता धर्मांतराबद्दल. हा आरोप हवेतून आलेला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत नगर जिल्ह्यात मिशनच्या अन्नछत्रांच्या मागोमाग बाप्तिस्मेही झाले, आणि त्यामागे भूक किती व श्रद्धा किती हे आज कोण तोलणार? पण जामखेडच्या आरोग्य सेविकांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत. त्यांच्या गावांत हरिनाम सप्ताह आजही बसतात, पंगती उठतात, आणि त्याच पंगतीआधी पिण्याच्या पाण्याच्या टाकीत औषध टाकलं का, हे सेविका विचारून जाते. आरोळे स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि त्यांनी ते कधी झाकलं नाही. माणसाची श्रद्धा त्याच्या कामामागे असणं आणि त्याच्या कामाची किंमत म्हणून समोरच्याची श्रद्धा मागणं, यातला फरक ज्याला कळत नाही त्यानं निदान या विषयावर पत्रं लिहू नयेत.

परदेशी पैशाचा हिशेब मागा, जरूर मागा. पण परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनं परदेशी देणगी एका संस्थेकडून दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडेही देता येत नाही अशी अट घातली. मोठ्या शहरातली संस्था पैसा आणते आणि आडगावातली छोटी संस्था काम करते, ही साखळीच त्यानं तुटली. हिशेब तपासायला साखळी तोडायची काय गरज होती, हे मला अजून कळलेलं नाही.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. पूर आला, दुष्काळ पडला की आपली मदत म्हणजे ट्रक. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे राज्यभरातून ट्रक गेले. देणाऱ्यांच्या मनाविषयी शंका नाही, पण जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले आणि मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवले म्हणून गदारोळ झाला तो वेगळाच. मंदिर असो, मशीद असो, चर्च असो, पक्ष असो, सगळ्यांचे ट्रक सारखेच. पाणी ओसरल्यावर गावात जुलाब, कावीळ, लेप्टोचा ताप सुरू होतो तेव्हा ट्रक परत गेलेला असतो.

तेव्हा गावात उरते ती आशा सेविका. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली ही आशा पाहिली की जामखेडची आठवण होतेच. पण सरकारनं गावातल्याच बाईची कल्पना तेवढी उचलली आणि तिच्यामागचं बळ जामखेडलाच ठेवलं. जामखेडच्या सेविका पुन्हापुन्हा एकत्र येऊन शिकत, आपल्या गावात काय बिघडलं ते मोकळेपणी सांगत. आशाच्या वाट्याला रजिस्टरं, मोबाइलमधली ॲपं आणि कामागणिक मोजला जाणारा मोबदला आला. तोही वेळेवर मिळावा म्हणून तिला संपावर जावं लागतं. आमच्या भागातून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. परतलेल्या गरोदर बाईचं कार्ड शोधण्यात आशाचा जीव मेटाकुटीला येतो. तिच्याकडे बसून शिकायला आणि शिकवायला वेळच ठेवलेला नाही.

म्हणून दोन विनंत्या. पहिली आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका घेणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांना: पावसाळ्याआधीच्या बैठकीला आशा सेविकांना बोलवा, आणि बोलवाल तेव्हा प्रवासभत्ता त्याच दिवशी हातात द्या. दुसरी आपल्याला: चोंडीला अहिल्यादेवींच्या जयंतीची बातमी करायला आपला प्रतिनिधी दर मे महिन्यात आमच्या तालुक्यात येतोच. यंदा त्याला आणखी दोन दिवस मुक्कामाला ठेवा आणि जामखेडच्या प्रकल्पात जुन्या सेविकांशी बोलू द्या. त्यातल्या बऱ्याच जणी आता थकल्या आहेत, सांगणाऱ्या आहेत तोवर ऐकून घ्यायला हवं. त्या कुठल्या धर्माच्या, हेही त्यानं हवं तर विचारून घ्यावं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. जामखेड, जि. अहिल्यानगर