छपराचं सगळं खरं खरं

आई, बाबा,

परवा फोनवर आईने विचारलं ना, नवीन घरात सगळं व्यवस्थित आहे ना म्हणून, आणि मी हो गं सगळं छान आहे म्हणत विषय बदलला, ते खरं नव्हतं. छप्पर गळत होतं. आता गळत नाहीये, काम कालच संपलं, म्हणून आता सांगायचा धीर झाला. आधी सांगितलं असतं तर बाबा दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन दारात उभे राहिले असते आणि तेच मला नको होतं, का ते खाली लिहिलंय. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, आई मध्येच काळजीने पाच प्रश्न विचारते आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

बाबा, घर घेताना मी छप्पर बघितलं होतं हो. तुम्ही सांगितलेलं लक्षात होतं, आधी वर बघ, फरशी-बिरशी नंतर. पण मी बघितलं ते बाहेर उभं राहून, मान वर करून. कौलं रांगेत दिसली, आढं, म्हणजे छपराची सगळ्यात वरची कड, कुठे खचलेलं दिसलं नाही, एखाददुसरं कौल फुटकं होतं पण ते काय कुठेही असतंच, असं वाटून मी समाधान मानलं. माळ्यावर जायची झडप रंगाने चिकटलीये असं आधीच्या मालकांनी सांगितलं आणि मी ते ऐकून घेतलं. तिथेच चुकलं माझं. तेवढी झडप उघडून बघितली असती तर सगळं तेव्हाच कळलं असतं. आता ओळखीत कोणी घर बघायला निघालं की मी एवढंच सांगते की झडप उघडून दिल्याशिवाय पुढचं बोलू नका, आणि जमलं तर पाऊस पडून गेल्यावर बघायला जा, कोरड्या दिवशी सगळीच छपरं चांगली दिसतात.

राहायला आल्यावर पहिला मोठा पाऊस रात्री झाला. वरच्या खोलीत, म्हणजे जी मी तुमच्यासाठी ठेवलीये त्याच खोलीत, पलंगाच्या उशाशी टिप टिप सुरू झाली. बादली ठेवली, आणि मग बसून राहिले त्या आवाजाकडे कान लावून, झोप काही लागली नाही. खरं सांगायचं तर रडूही आलं थोडं. एवढी वर्षं साठवून घेतलेलं घर आणि पहिल्याच पावसात हे.

पण मग मला आपल्या जुन्या घरातला माळा आठवला. मी सात-आठ वर्षांची असेन, बाबा टॉर्च तोंडात धरून वाशांवरून रांगत होते आणि मी खाली शिडीजवळ खडू घेऊन उभी. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, पाणी जिथे पडतं तिथे ते शिरलेलं नसतं. सकाळी झडप कटरने कापून उघडली आणि मी पण तेच केलं, टॉर्च आणि खडू. थेंब पडत होता त्याच्यावरच्या फळीपासून सुरुवात केली, ओल लागेल तिथे खडूची खूण, असं करत करत वर. पाणी वाशाच्या कडेकडेने उतरत आलेलं, जवळजवळ दोन मीटर, आणि शिरत होतं ते पार वर, जिथे छप्पर शेजारच्या उंच भिंतीला जाऊन टेकतं त्या सांध्यात. तिथे कौलं अगदी धडधाकट होती. सांधा सिमेंटने भरलेला होता आणि त्यात करंगळीचं नख जाईल एवढी फट होती, लांबच्या लांब.

ती फट कोणीतरी आधी दोनदा बुजवलेली दिसत होती, एकदा सिमेंटने, एकदा डांबरासारख्या काळ्या कशाने तरी. आणि तरी परत फुटली, कारण छप्पर लाकडाचं, ते पावसात फुगतं, उन्हात आकसतं, भिंत मात्र जागची हलत नाही, मग मधलं कडक सिमेंट तडकणारच. तिथे खरं तर वाकवलेला पत्रा लागतो. भिंतीत खाच पाडून त्याची वरची कड आत बसवायची आणि खालची बाजू कौलांवर सोडायची, म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या हलल्या तरी पाणी वरच्या वर निघून जातं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर सुतारकाकांनी समजावलं.

माणसं बोलवायची वेळ आली तेव्हा फार गोंधळ उडाला. पहिला आला तो शिडीसुद्धा न लावता म्हणाला वरून कोटिंग मारून देतो, दोन दिवसांत काम. दुसरा म्हणाला सगळं उतरवा, पत्रे टाका, कौलांचा जमाना गेला. दोघंही माळ्यावर गेलेच नाहीत. तिसरे आले ते हे सुतारकाका, वयाने बाबांच्या आसपास असतील. त्यांनी आल्या आल्या विचारलं झडप कुठे आहे, आणि वर गेले ते तासभर खाली आले नाहीत. मी तेव्हाच मनात ठरवलं की काम यांनाच द्यायचं.

त्यांनी मलाही वर बोलावलं आणि माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला, म्हणाले टोचून बघ. चांगल्या वाशावर नुसता ओरखडा उठला. मग वळचणीकडच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, रिपेवर (कौलं ज्या आडव्या पट्ट्यांवर बसतात त्यातली एक) टोचला तर स्क्रूड्रायव्हर अर्ध्या बोटाएवढा आत गेला, काही जोर न लावता, ओल्या मातीत जावा तसा. रिपेतून एक खिळा त्यांनी चिमटीत धरून उपसून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. वरून डोकं शाबूत, खालून टोक शाबूत, आणि मधे जिथे तो रिपेतून निघून वाशात शिरतो तिथे गंजून गंजून दोऱ्याएवढा बारीक झालेला. मी बोटांनी दाबला तर मोडला. बाबा, तो खिळा मी ठेवलाय, तुम्हाला दाखवायला.

तर एकंदर असं, कौलं जवळजवळ सगळी चांगली पण ज्यावर ती बसलीयेत तेच गेलेलं. आणि हे म्हणे बहुतेक जुन्या छपरांचं असंच असतं, भाजलेली माती टिकते, आधी खिळे जातात, मग रिपा, मग वळचणीकडून वासे. त्यांनी दोन टोकदार सुया असलेलं एक छोटं मीटर लावून ओल मोजली, २० टक्क्यांच्या पुढे लाकूड सतत राहिलं की बुरशी धरून कुजायला लागतं म्हणाले, आणि आमच्या वळचणीला आकडा त्याच्या बराच पुढे होता.

अजून एक गोष्ट निघाली जी माझ्या डोक्यातही आली नसती. माळ्याच्या दुसऱ्या टोकाला, त्या सांध्यापासून चांगली लांब, वासे काळे पडलेले होते आणि वर कौलं कोरडीठाक. मला वाटलं तिथेही गळतंय. पण काकांनी एक प्लास्टिकचा पाइप उचलून दाखवला, बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचा, तो बाहेर न काढता माळ्यातच सोडून दिलेला. म्हणजे रोज अंघोळीची सगळी गरम वाफ माळ्यात, आणि रात्री कौलं गार झाली की तिचंच पाणी होऊन लाकडावर. वर कितीही कोटिंग मारलं असतं तरी ही ओल गेली नसती. पहिल्या माणसाचं ऐकलं असतं तर पैसे तर गेलेच असते आणि वर आतलं कुजणं झाकून गेलं असतं.

मग दुरुस्ती की सगळं नवीन, यावर मी आठवडाभर झोपले नाही. पत्रे हलके, पटकन होतात, हे खरंय, पण पावसाचा आवाज आणि उन्हाची झळ, खाली नीट सीलिंग आणि इन्सुलेशन नसेल तर वरची खोली राहण्यासारखी राहत नाही. नवीन सिमेंटची कौलं बघितली तर काका म्हणाले आधी वजन बघ. मातीच्या कौलांचंच चौरस मीटरला चाळीसेक किलो धरायचं, म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर चार टन आत्ताच आहेत, त्याहून जड काही ठेवायचं तर खालचं लाकूड आणि भिंती ते पेलतील का हे इंजिनिअरकडून तपासून घ्यायला हवं. शेवटी ठरवलं, सगळं उतरवायचं, कुजलेले पाच वासे आणि एकूण एक रिपा बदलायच्या, वर वाफ बाहेर जाऊ देणारी पण पाणी अडवणारी शीट पसरायची, आणि आपली जुनीच कौलं परत चढवायची. वरवरची शाकारणी करून भागलं असतं तर मी तेच केलं असतं, पण खिळेच गेल्यावर कौलं बदलून उपयोग काय.

कौलं उतरवताना प्रत्येक कौल ते बोटाच्या पेराने वाजवून बघत होते. चांगलं कौल खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं, तडा डोळ्याला दिसत नसला तरी. दुसऱ्या दिवशी मी पण वाजवायला बसले आणि आई, मला जमायला लागलं! शेवटी शंभरातली दहा-बारा बाद झाली असतील. नवीन आणली ती मापाला किंचित वेगळी निघाली, जुन्यात मिसळली तर एकमेकांत नीट बसेनात, म्हणून काकांनी सगळी नवी कौलं मागच्या पाखाला, म्हणजे मागच्या उतारावर, एका बाजूला लावली आणि पुढे जुनीच ठेवली. आणि रिपांचं अंतर त्यांनी कुठल्या पुस्तकातून नाही घेतलं. दहा कौलं अंगणात उलटी मांडली, एकदा सगळी ओढून मापली, एकदा दाबून मापली, दोन्हींच्या मधलं माप काढलं आणि त्याला दहाने भागून एका काठीवर खूण केली. सगळं छप्पर मग त्या काठीने. मला तर बघत राहावंसं वाटत होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला. एका वेळी एकच पाख उघडायचं असं ठरलेलं होतं त्यामुळे अर्धं घर झाकलेलं होतं, उरलेल्यावर ताडपत्री. पण त्या दिवशी काका लवकर गेले होते आणि पोरांनी ताडपत्रीची वरची कड आढ्याच्या अलीकडेच बांधली होती. ती आढ्यावरून पलीकडच्या उतारावर टाकायची असते, नाहीतर वरून येणारं पाणी सरळ तिच्या खाली शिरतं, आणि तसंच झालं. दीड तास मी वरच्या खोलीत बादल्या आणि चादरी घेऊन धावत होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, हे शाळेत शिकलेलं त्या रात्री खरं कळलं, २० मिलिमीटर पाऊस १०० चौरस मीटरवर पडला तर दोन हजार लिटर, आणि ते सगळं कुठूनतरी खाली उतरणारच. खोलीच्या लाकडी फरशीच्या दोन फळ्या फुगल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी न सांगता त्या बदलून दिल्या आणि पोरांना काही न बोलता ताडपत्री स्वतः बांधून दाखवली.

नंतर सगळं सुरळीत झालं. सांध्याला पत्रा बसला, बाथरूमचा पाइप भिंतीतून बाहेर काढला, पन्हळीला पाणसळ लावून उतार दिला, आधी ती मधे पोटाला खचली होती आणि पाणी तिथे साठून उलटं वळचणीत येत होतं. खिळे सगळे गॅल्व्हनाइज्ड. काल रात्री परत जोराचा पाऊस झाला, मी टॉर्च घेऊन माळ्यावर जाऊन बसले, हात फिरवून बघितला सगळीकडे, कोरडं. आवाज फक्त वर, कौलांवर.

आता ते शेवटचं. काका पट्टा आणि दोर बांधल्याशिवाय एकदाही वर गेले नाहीत, आणि शिडी लावताना चार हात उंचीला एक हात पाया बाहेर, खाली एक माणूस शिडी धरून. मी विचारलं तर म्हणाले, तरुणपणी मी पण नुसता चढायचो, माझा भाऊ पडला तेव्हापासून नाही. बाबा, मला एकदम तुम्ही दिसलात. दर वर्षी पावसाआधी, एकटे, शिडी भिंतीला अगदी उभी लावून, पायात चप्पल, आणि आई खाली पदर हातात धरून. आम्ही पोरं घरात कोरडी झोपायचो आणि ते कशामुळे याचा कधी विचारच केला नाही. आईने मागे म्हटलं होतं की यंदा पण तुम्ही कौलं परतायचं म्हणताय, उत्तरेकडचा कोपरा ओला दिसतोय म्हणून. नका चढू बाबा. गुडघा तसा, चक्कर मधेमधे येते तुम्हाला, आणि तुम्ही ती आईपासून लपवता हे मला माहितीये.

मी काकांशी बोललेय. पंधरा दिवसांनी त्यांचं दुसरं काम संपतंय, मी त्यांना घेऊनच येते. तोपर्यंत माळ्यात ओल येते तिथे खाली मोठं पातेलं ठेवा आणि खडूने खूण करून ठेवा, ती झडपेजवळ हात पोचेल तिथूनच, आत रांगायचं नाही. आणि तुमच्याकडेही छप्पर भिंतीला टेकतं त्या सांध्याचा एक फोटो आईला खालून काढायला सांगा, मोबाइल झूम करून, मी काकांना दाखवते म्हणजे पत्रा किती लागेल त्याचा अंदाज येईल. काका वर असतील तेव्हा तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा आणि त्यांना सांगा काय कुठे करायचं ते, तुमच्याइतकं ते घर कोणाला माहिती नाही.

आई, शिडी तेवढी शेजारी नेऊन ठेव. आजच.

तुमची लेक