माई, तुझा निबंध वाचला

अमळनेर

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझ्या आयईएलटीएसच्या (परदेशी शिकायला जायच्या इंग्रजी परीक्षेच्या) सरावाच्या निबंधावरून आपलं वाजलं आणि तू फोन ठेवलास, त्यानंतर मी पुन्हा लावला नाही. तू अभ्यासाला बसली असशील असं वाटलं. शिवाय फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझा त्याहून चढतो. तुझी आई म्हणते, एकाच माळेचे मणी. म्हणून लिहायला बसलो. निबंधाचा विषय काढायचा नाही, असं ठरवलं आहे.

आधी घरचं सांगतो. बिबड्या झाल्या. ऊन असं आहे की सकाळी खाटेवर घातलेल्या बिबड्या दुपारी खणखणीत. डबा जिभाऊंच्या नातवाबरोबर पाठवतो, तो रविवारी निघेल. आखाजीला ताई सुरतेहून आली होती, पुरणाचे मांडे तिनेच केले. झोका बांधला, पण घेतला शेजारच्या पोरींनी. आजी रोज विचारते, "माई जेवनी का?" तिला पुणं म्हणजे पारोळ्याच्या अलीकडचं गाव वाटतं. तू खरंच वेळेवर जेवतेस ना?

तुझं इंग्रजी सुधारलं आहे, हे फोनवर आधी सांगायला हवं होतं, ते राहूनच गेलं. आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. तुमच्या वेळी, २००० सालापासून, सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं. तरी तुझ्या गावच्या शाळेत ते किती आलं होतं ते मला ठाऊक आहे. आणि आज तू ऑटोनॉमी, कन्सेंट, डिस्क्रिमिनेशन असे शब्द बिनचूक जागी बसवतेस. शब्दकोश शेजारी घेऊन वाचला मी, एकही वाक्य लंगडं नव्हतं. गावच्या विकास सोसायटीत चेअरमनना पहिला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, गटसचिवाच्या पोरीने साहेबांनाही मागे टाकलं. दुसरा परिच्छेद नाही वाचला.

त्या दुसऱ्या परिच्छेदात तू लिहिलंस की कुटुंबाचा समतोल राखायला पालकांना बाळाचं लिंग निवडण्याचा हक्क असावा, असंही अनेकांना वाटतं. मग तिसऱ्यात विरुद्ध बाजू. आणि शेवटी, दोन्ही बाजूंत तथ्य आहे, ज्याचं त्याने ठरवावं. माई, ज्याचं त्याने?

काढलाच विषय. असो, अभ्यासाचं बोलतो.

शब्दांच्या याद्या भिंतीला चिकटवून पाठ करतेस ते सोड. सुटा शब्द परीक्षेत ऐनवेळी दगा देतो. तो कोणाबरोबर चालतो ते बघून जोडीनेच वहीत उतरव. 'बॅन' नको, 'इम्पोज अ बॅन' लिही. 'लॉ' नको, 'एन्फोर्स अ लॉ' लिही. एक प्रश्न घे, दत्तक घेणं, अवयवदान, मुलांच्या हातातला मोबाईल, काहीही. आधी त्यावर मराठीत वाच, काका-मामांशी वाद घाल, मग त्याच विषयावरचे दोन-तीन इंग्रजी लेख वाच. तेच तेच शब्द वेगवेगळ्या तोंडून येतात आणि मग पाठ करावे लागत नाहीत. मी ऑडिटची भाषा अशीच शिकलो, सोसायटीच्या खर्चाने.

वाचनाच्या पेपरात ६० मिनिटांत ३ उतारे आणि ४० प्रश्न. तुझे मार्क जातात ते 'नॉट गिव्हन', म्हणजे 'उताऱ्यात दिलेलं नाही', या उत्तरांत. बीटी कापसाच्या (बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेल्या कापसाच्या) उताऱ्यात तू घरचं ज्ञान घुसवलंस. उताऱ्यात जे नाही ते तुला माहीत असलं तरी तिथे नाहीच, एवढं ध्यानात ठेव. घरचं ज्ञान लिहिण्याच्या पेपरासाठी राखून ठेव. तिथे तर तू ते मुळीच वापरत नाहीस! लंडन-न्यूयॉर्कची उदाहरणं देतेस, जिथे आपल्यातलं कोणी गेलेलं नाही.

बीटीचंच घे. २००२ साली परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची, आठवते? लहानपणी ती तू खेळायला घ्यायचीस. ती पुडी शेताच्या कडेने लावायची असायची. साध्या झाडांवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग झाले की बीटीला पचवणाऱ्या अळ्यांच्या पतंगांशी त्यांची जोडी जमते, आणि अळीला बीटी पचवायला वेळ लागतो. पण त्या कडेच्या झाडांचं बोंड किडणार, म्हणजे ते नुकसान माझं आणि फायदा गावाचा. कोण लावणार? किती पुड्या गोठ्यात पडून राहिल्या. मग २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केलं ते तू पाहिलंस, बोंड फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि कवडी कापूस. स्वतःचं भलं आणि सगळ्यांचं भलं यावर अडीचशे शब्द हवेत ना? हे लिही. तपासणारा जागा होईल.

बीटी वांग्याचंही घे. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांचं ऐकून घेतलं आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ते थांबवलं. बांगलादेशाने २०१३ साली परवानगी दिली. यावर मला विचारशील तर माझं मन आजही दोन्हीकडे जातं. फवारणीने हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि भरताच्या वांग्याला कोणी हात लावलेला मला खपत नाही. तेव्हा प्रत्येक गोष्टीत तुझं मत ठाम पाहिजे, असं माझं म्हणणं नाही. काही प्रश्नांना खरंच दोन बाजू असतात. तिथे खुशाल दोन्ही लिही.

पण तो प्रश्न तसा नाही, आणि तुझ्या बाबतीत तर नाहीच.

तू व्हायच्या आधीची गोष्ट तुला ताईने सांगितली असेल किंवा नसेल. ताई चार वर्षांची होती. जिभाऊंनी गाडी सांगून ठेवली होती. एका ठिकाणी 'बघून देतात', असं तेव्हा लोक सहज म्हणायचे, जसं दाढ काढून देतात म्हणावं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा होता, आपल्या राज्याचा १९८८ सालचा आणि देशाचा १९९४ सालचा, तरी म्हणायचे. गाडी दारात उभी. तुझी आई चुलीपुढे कळण्याची भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "जे व्हई ते व्हई. गाडी परत धाडा." मला काही बोलावंच लागलं नाही. जिभाऊ तुझ्या बारशाला आले नाहीत. दहावीच्या निकालाला पेढे त्यांनीच वाटले, ते तुला माहीत आहे. आता त्यांच्याच नातवाबरोबर तुझा डबा येतोय. माणसं अशी असतात, त्यांच्यावर राग धरू नकोस.

राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, २०११ साली ८९४. कायदा असून, शाळा असून, शिकलेले डॉक्टर असून. हे आकडे तुझ्या निबंधात कुठेच नव्हते, आणि 'फॅमिली बॅलन्सिंग' दोनदा होतं.

झालं माझं भाषण. तू म्हणालीस, "अप्पा, तिथे मत नाही, भाषा तपासतात. ही नुसती प्रॅक्टिस आहे." रागावू नकोस, पण तू इथे ठेवून गेलेलं माहितीपुस्तक मी चाळलं. मार्क चार गोष्टींना आहेत, शब्दसंपत्ती आणि व्याकरण त्यांतले दोन. पहिली गोष्ट प्रश्नाला दिलेलं उत्तर, आणि त्यात लिहिणाऱ्याची भूमिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट हवी. कितपत सहमत आहात विचारलं, तर पूर्ण असहमत लिहिलं तरी चालतं. दोन्ही बाजू मांडा म्हटलं, तरी खाली तुमचं मत द्या म्हटलेलं असतंच. तुझा लेखनाचा बँड, म्हणजे गुणांक, साडेपाचावर अडकलाय तो कदाचित इथेच.

बँडचं मात्र निमित्त आहे, हे तू ओळखलंच असशील. तू सार्वजनिक आरोग्य शिकायला चाललीस. उद्या एखाद्या बैठकीत कोणी छान कपड्यांतला माणूस गोड इंग्रजीत असाच प्रश्न मांडेल, आणि रोज चाळीस मिनिटांत दोन्ही पारडी समान करायची सवय लागलेली माझी पोर पेन काढेल. एवढीच धास्ती. तुझं मत मला माहीत नाही का, असं तू विचारलंस. माहीत आहे गं. तरी वाटतं.

गावात १९१६ पासून प्रताप शेठजींचं तत्त्वज्ञान मंदिर आहे. उभी हयात त्याच्यासमोरून सायकल मारली, आत काय चालतं ते कधी विचारलं नाही. आणि तुला नीती शिकवतोय. हसशील तर हस.

फीचा दुसरा हप्ता सोमवारी भरतो, कापूस विकला. भाव फार नाही आला, पण चिंता करू नकोस. आईला एकदा फोन कर, तिला निबंधाचं काही सांगितलेलं नाही. तिने विचारलं तर विषय मोबाईलचा होता म्हण.

तुझा,
अप्पा

ता. क. हाच प्रश्न परीक्षेत आला तर काय लिहिशील? सवडीने कळव. इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल, शब्दकोश अजून टेबलावरच आहे.